बाइंडिंगला गेलेली चारशे बारा पुस्तकं

आधीच सांगून टाकते, मला ती आवडायची नाही. का, म्हणाल तर काही नाही. काही माणसं उगाचच डोळ्यांत खुपतात, तशी ती खुपायची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर माझी चोवीस वर्षं गेली. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, आणि रांगेतल्या प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायचं. मला कुणी ‘असं का?’ विचारलेलं खपत नाही. आणि ही बाई दिवसातून दहा वेळा विचारायची.

तिला आम्ही ‘साडेतीन’ म्हणायचो. ग्रंथालय मोबाईलवर आणायचं काम तिच्याकडे आल्यापासून तिचं एकच पालुपद होतं. “ताई, सगळं साडेतीन इंचांत बसलं पाहिजे.” तिच्याकडे कडेला तडा गेलेला एक जुना, बुटका फोन होता. आमच्या ग्रंथपाल साहेबांनी चांगला मोठा फोन देऊ केला, तर म्हणे, “नको सर. सगळ्यात वाईट फोनवर दिसलं की सगळ्यांना दिसेल.” उंचीनेही बेताचीच, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही माहीत होतं. एकदा टेबलावरचा फोन उचलून स्वतःच म्हणाली, “हां, साडेतीन बोलतेय.” घ्या!

पंधरा वर्षांपूर्वी ती रोजंदारीवर आली होती, लाकडी खणांतली पुस्तकांची कार्डं संगणकात टाईप करायला. संध्याकाळी जाताना संगणकावरचं एक जाडजूड पुस्तक घरी न्यायची. ते मी तिला अकरा वेळा पुन्हा नावावर करून दिलंय, तेही कपाळाला आठ्या घालून. बाराव्या वेळी म्हणाली, “नको ताई, झालं वाचून.” मग परीक्षा दिली, कायम झाली, आणि जिन्याखालची खोली मिळाली, जिथे आधी झाडू आणि बादल्या असायच्या. फिनेलचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

काम करायची तिची पद्धतही तऱ्हेवाईक. तळघरात, जिथे पुस्तकांचे रॅक दाटीने उभे आहेत आणि फोनला जेमतेम एक काडी रेंज येते, तिथे ती तास-तास उभी असायची. “इथे पान उघडायला नऊ सेकंद लागतात, ताई. मुलं तीन सेकंदांपुढे थांबत नाहीत.” मग काहीतरी काढून टाकायची आणि पुन्हा खाली जायची. विद्यापीठाचं बोधचिन्हसुद्धा तिने नखाएवढं केलं. साहेब लालबुंद झाले, पण पान तीन सेकंदांत उघडायला लागलं होतं.

शेवटची परीक्षा तिच्या घरी, सासूबाईंची. सासूबाईंना चष्म्याशिवाय अक्षर वाचता आलं की पास. म्हातारी आयुष्यात ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती, पण सून स्वयंपाक करायची तेव्हा सासूबाई बाजूला बसून फोनवर पुस्तकं शोधायची आणि मोठ्याने वाचायची. कुठलं पुस्तक आहे, कुठलं बाहेर गेलंय, कितव्या रॅकवर आहे.

आणि इथेच सगळं सुरू झालं.

त्या गुरुवारी सकाळी साडेतीन माझ्या काउंटरशी येऊन उभी राहिली. रांग नव्हती. म्हणाली, “ताई, बाइंडिंगला पुस्तक गेलं की किती दिवस लागतात?”

“आठ. फार तर दहा. मामांचा हात चालू आहे की.”

मामा म्हणजे आमचे बाइंडर. मागच्या अंगाला त्यांची खोली, तिथे खळीचं पातेलं, पुठ्ठे, सुईदोरा आणि लोखंडी दाबयंत्र. तेहतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली त्या माणसाने. पुढच्याच आठवड्यात, शुक्रवारी, निवृत्त होणार होते.

“काल सासूबाई वाचता वाचता थांबल्या,” ती म्हणाली. “म्हणाल्या, अगं, हे पुस्तक अकरा वर्षं बाइंडिंगला? शिवतोय कोण, कासव?” मला हसू आलं, पण ती हसली नाही. “मी यादी काढली, ताई. अशी चारशे बारा आहेत. मामांच्या खोलीत आत्ता तेवीसच आहेत, तीही या महिन्यातली, यादीत नसलेली. मी मोजून आले.”

मी उगाच शिक्क्याची तारीख फिरवायला घेतली. आता का ते सांगते.

आमच्या संगणकात पुस्तकाची अवस्था आकड्याने नोंदवतात. एक म्हणजे रॅकवर आहे. दोन म्हणजे वाचकाकडे. तीन म्हणजे बाइंडिंगला. आणि नऊ म्हणजे हरवलं. पण नऊ दाबला की संगणक ग्रंथपालांचा पासवर्ड मागतो, मग तीन प्रतींत फॉर्म, मग ‘पुस्तक शेवटचं कोणी पाहिलं’ याचा खुलासा. रांगेत पंधरा माणसं उभी, समोरचा म्हणतोय पुस्तक जागेवर नाही, आणि मी काय फॉर्म भरत बसू? मला शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “सापडलं नाही ना? तीन दाब आणि पुढच्याला बोलव.” त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं असेल. आम्ही सगळ्यांनी तीनच दाबला. समोरच्याला सांगायचं, बाइंडिंगला गेलंय, आठ दिवसांनी या. कोण येतंय परत! तो आकडा फक्त आम्हालाच दिसायचा. बाहेर वाचकाला नुसतं ‘उपलब्ध नाही’ एवढंच कळायचं.

आता साडेतीनच्या पानावर ते शब्दांत दिसत होतं. ‘बाइंडिंग विभागाकडे’, आणि खाली तारीख, कधीपासून.

“मग दाखवू नकोस ना ते,” मी म्हणाले. “उपलब्ध नाही म्हण, सुंठीवाचून खोकला गेला.”

“आहे ते दाखवायचं म्हणून तर केलंय, ताई.”

“हो का? मोठी आलीस हरिश्चंद्राची नात!”

तिने फोन काउंटरवर पालथा ठेवला. मग म्हणाली, “आता माझ्या हातातही नाही. परवापासून चाळीस विद्यार्थ्यांच्या फोनवर चाचणीसाठी चालू आहे.”

त्या चाळिसांतल्या एका संशोधक मुलीने दुपारी थेट कुलसचिव मॅडमना पत्र पाठवलं. मला जे पुस्तक तीन वर्षं हवंय ते बाइंडिंग विभागात अकरा वर्षं पडून आहे, चार वेळा त्या खोलीत जाऊन आले, दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगतात, तिथे नेमकं काय चालतं? सोबत फोनवरच्या पानाचं चित्र.

शुक्रवारी दहा वाजता साहेबांच्या टेबलावर कुलसचिवांचं पत्र. चारशे बारा पुस्तकांबाबत बाइंडरने सोमवारी समितीसमोर खुलासा करावा. खुलासा समाधानकारक होईपर्यंत त्यांची निवृत्तीची कागदपत्रं थांबवावीत. शिपाई ते पत्र घेऊन माझ्या काउंटरसमोरून मागच्या खोलीकडे गेला, आणि मी एका मुलाला उगाचच ओरडले.

बारा वाजेपर्यंत सगळ्या इमारतीत बोभाटा झाला. चहाच्या टेबलावर कोणी म्हणालं, “मामांनी रद्दीत घातली असतील.” कोणी म्हणालं, “पुस्तकांना बाहेर बाजार असतो, बरं का.” तेहतीस वर्षं ज्याच्याकडून फाटक्या पाकिटापासून मुलांच्या दप्तरापर्यंत सगळं फुकट शिवून घेतलं, त्याच्याबद्दल हे! मला इतका संताप आला की हातातला कप आपटला. पण तोंड उघडलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, ते मला त्या दिवशी घशात कळलं.

चार वाजता न राहवून मी मागच्या खोलीत गेले. मामा जमिनीवर बसले होते. सगळे पुठ्ठे बाहेर काढलेले, दाबयंत्र भिंतीपासून सरकवलेलं, कपाटाखाली हात घालून ते शोधत होते.

“मामा, काय हे? उठा.”

“बघतोय ताई. मागे कुठे पडली असतील.”

“चारशे बारा पुस्तकं कपाटामागे पडतील का?”

“सगळी नाही, पण थोडी तरी.” त्यांनी हात पुसले. बोटांना खळ वाळून पांढरी झाली होती. “मुलं यायची ना चिठ्ठी घेऊन. मी म्हणायचो, असेल ढिगात, पुढच्या आठवड्यात या. मग ढीग उपसायचो, तर नसायचं. वाटायचं, दिलं असेल आपण परत, विसरलो असू. कधी वहीत बघायचो, तर वहीतही नसायचं. वाटायचं, लिहायलाच विसरलो.” त्यांनी मला विचारलं, “ताई, खरं सांगा. माझं डोकं कामातून गेलंय का हो? तुम्ही रोज बघता मला.”

मी काय म्हणाले असेन? “काहीतरीच काय मामा,” एवढं म्हणाले, आणि बाहेर आले. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. लाज वाटत होती, आणि तरी तोंडातून शब्द फुटला नव्हता.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला. “तुझी तीन वर्षं राहिलीत. पद्धत तू पाडलीस का? नाही. मग तू का मान पुढे करतेस? हात दाखवून अवलक्षण.” शनिवारी हेच, रविवारीही हेच. मला पटत होतं, तेच वाईट होतं. रविवारी दुपारी मी गाद्यांच्या खोळी धुतल्या, पडदे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. नवरा म्हणाला, “आता भिंती घे.”

सोमवारी समिती अकराला होती. साडेदहाला साडेतीनने मला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. बसायला एकच खुर्ची, ती मला दिली. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली आणि तो तडा गेलेला फोन माझ्यापुढे धरला.

“ताई, पुस्तकाचा आकडा कोणी बदलला, कधी बदलला, हे संगणक लिहून ठेवतो. आपल्याला दिसत नाही, पण आत असतं.”

पडद्यावर तेच पुस्तक होतं, संशोधक मुलीचं. खाली एक ओळ. ‘काउंटर दोन.’ तारीख, वेळ, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. काउंटर दोन म्हणजे मी. अकरा वर्षं मीच.

“चारशे बारांतली दोनशे त्रेसष्ट काउंटर दोनवरून,” ती म्हणाली. “बाकीची जे निवृत्त होऊन गेले त्यांची.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“गुरुवारपासून.”

“मग बोलली का नाहीस? गुरुवारीच बोलली असतीस तर मामांना ते पत्र…” माझा आवाज चढला. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय!

“साहेबांना शुक्रवारी सांगायला गेले होते. तुमचं नाव घेतलं नाही, नुसतं सांगितलं की ही नोंदीची चूक आहे. ते म्हणाले, समितीपुढे काउंटरची लक्तरं नकोत, मामांचं काय, ते जाणारच आहेत.” तिने खाली बघितलं. “आणि तुम्ही सांगाल असं वाटलं मला. अजून वाटतंय.”

मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले.

“माझंही चुकलंय, ताई. तीन म्हणजे काय हे मी नियमांच्या पुस्तकात बघितलं. काउंटरवर येऊन तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही चिडाल म्हणून. दहा प्रश्न विचारते मी तुम्हाला दिवसाला, हाच नेमका गिळला. विचारलं असतं तर ‘बाइंडिंग विभागाकडे’ असं लिहिलंच नसतं.” मग म्हणाली, “ही ओळ मी समितीला दाखवायला तयार ठेवलीय. मामांवर येतंय असं दिसलं तर मी दाखवणार. पण आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय नाही.”

पंधरा वर्षं मी तिच्याकडे आठ्या घालून बघत होते. तिने माझ्याकडे तसं बघावं अशी माझी तयारी होती, पण ती तशी बघत नव्हती.

समितीच्या खोलीत लांब टेबल. एका टोकाला कुलसचिव मॅडम, शेजारी दोन प्राध्यापक, मग साहेब. साडेतीनने फोनचा पडदा भिंतीवर दाखवला. पान तीन सेकंदांत उघडलं, प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मामा दाराजवळ उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात त्यांच्या नोंदींच्या सहा वह्या छातीशी धरून. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मला साहेबांनी काउंटरतर्फे बोलावलं होतं, नुसतं हजर राहायला.

मॅडमनी मुलीचं पत्र वाचलं. मग मामांकडे वळल्या. “ही पुस्तकं तुमच्याकडे आली होती की नव्हती?”

मामांनी वह्या टेबलावर ठेवल्या. “आली असतील, मॅडम.”

“असतील म्हणजे? तुमच्या वहीत आहेत का?”

“वहीत नाहीत. पण संगणक म्हणतोय तर आली असतील. माझ्याच लक्षात राहिलं नसेल. मी… हल्ली विसरतो.” त्यांनी वह्या एकावर एक नीट रचल्या. “लिहून द्यायचं तर देतो लिहून.”

साहेब लगेच म्हणाले, “चांगला मुद्दा आहे, तसं लिहून दिलं की विषय…”

साडेतीनने फोन उचलला. माझ्याकडे बघितलं. मला समजलं की आता ती दाखवणार. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला एकदा वाटलं, दाखव बाई, माझ्या तोंडून नको वदवूस. पण मामांनी खिशातून पेन काढलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले. खुर्ची मागे गेली ती पडलीच. “मामा, काही लिहायचं नाही. पुस्तकं तुमच्याकडे कधी आलीच नाहीत.”

मग सगळं सांगितलं. तीन, नऊ, पासवर्ड, तीन प्रती, रांग, जुन्या बाई, सगळं. साहेब दोनदा मध्ये बोलायला गेले, दोनदा मी म्हणाले, “सर, मला संपवू द्या.” दोनशे त्रेसष्टचा आकडाही मीच सांगितला. साडेतीनने ती ओळ भिंतीवर आणली. काउंटर दोन. भिंतीवर ते फार मोठं दिसलं.

मामा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, शिव्या देतील, द्यायलाच हव्या होत्या. ते हळूच म्हणाले, “म्हणजे, एकही नाही?”

“एकही नाही, मामा.”

“मी विसरलो नव्हतो?”

“नाही हो.”

ते समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले, कुणाला न विचारता. “बुधवारी डॉक्टरचा नंबर लावलाय,” ते म्हणाले. “बायकोला सांगितलं होतं मी, मला विसरायला होतंय, आता सगळं तुझ्यावर आहे. ती रडली दोन दिवस.” आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण तो मामांकडे.

मामांची कागदपत्रं त्याच दुपारी सुटली. मला मेमो मिळाला, आणि रोज सकाळचे दोन तास काउंटरऐवजी तळघरात, चारशे बारा पुस्तकं रॅकवर शोधायची. बरोबरच झालं. साडेतीनने संध्याकाळपर्यंत संगणकात नवा आकडा घातला. चार. ‘शोधत आहोत.’ पासवर्ड नाही, फॉर्म नाही. आणि शेजारी कोण शोधतंय त्याचं नाव. तिथे माझं नाव आलं. आधी मला विचारून घातलं तिने.

मंगळवारी मी तिचाच तडा गेलेला फोन घेऊन खाली गेले. संशोधक मुलीचं पुस्तक पहिल्याच तासात सापडलं. आपल्या जागेपासून दोन फळ्या खाली, दुसऱ्या पुस्तकांच्या मागे पडलेलं. अकरा वर्षांपूर्वी दुपारी बारा चाळीसला मी उठून दहा पायऱ्या उतरले असते तर मिळालं असतं. पाठ उखडलेली, शिवण सुटलेली, पहिली वीस पानं हातात आली.

ते घेऊन मी मामांच्या खोलीत गेले. समितीनंतर त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नव्हतं. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, पाठीवरून अंगठा फिरवला, वही उघडून दाखल क्रमांक आणि तारीख लिहिली. त्यांच्या नोकरीचे चार दिवस उरले होते.

“राहू दे मामा, नवीन माणूस करेल,” मी म्हणाले.

“तीन दाबा,” ते म्हणाले. “इथे, माझ्यासमोर.”

मी फोनवर तीन दाबला. त्यांनी मान पुढे करून पडदा नीट वाचला. बाइंडिंग विभागाकडे, आजची तारीख. मग सुईत दोरा ओवायला घेतला.

गुरुवारी दुपारी ते काउंटरवर आले. रांग होती, पण ते थेट माझ्यासमोर उभे राहिले आणि मागचे लोक आपोआप थांबले. पुस्तकाची पाठ नवी, काळ्या कापडाची, वास ताजा. मी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पुस्तक मागे घेतलं.

“आधी एक दाबा,” मामा म्हणाले. “मग देतो.”

मी एक दाबला. त्यांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून वाचला, आणि मग पुस्तक माझ्या हातात दिलं.